वाचून दाखवणं आपण थांबवतो कधी?

"आमचं मूल वाचतच नाही हो," असं सांगणाऱ्या पालकांना आम्ही उलट विचारतो, तुम्ही त्याला वाचून दाखवणं कधी थांबवलंत? उत्तर बहुतेक ठरलेलं असतं: पहिली-दुसरीत, त्याला वाचता यायला लागलं तेव्हा. "आता तुझं तू वाच!" आमच्यापैकी बऱ्याच जणांनी घरी हेच केलंय.

आता बघा, सहा-सात वर्षांच्या मुलाला कानानं पुष्कळ कळतं. लांबलचक गोष्ट, त्यातली फसवाफसवी, सगळं. डोळे मात्र अजून अक्षरं जुळवत असतात. 'कमळ' जमतं. पण 'दिवा'मधली वेलांटी दिसते 'द'च्या आधी, उच्चारायची मात्र नंतर. 'सूर्य'मधला रफार 'य'च्या डोक्यावर, आणि उच्चार 'य'च्या आधी! आपल्याला याची सवय झालीय, म्हणून त्यातली मेहनत दिसत नाही. ओळ संपेपर्यंत मूल तिची सुरुवात विसरतं. मग गोष्टीत मजा कुठून येणार? झेपणारी पुस्तकं त्याला बाळबोध वाटतात आणि आवडतील अशी झेपत नाहीत. नेमक्या याच दोन-तीन वर्षांत आपण आपला आवाज काढून घेतो.

म्हणून वाचून दाखवणं चालू ठेवा, चौथीपर्यंत तरी. रोज पंधरा मिनिटं पुरतात. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे घ्या, प्रकरण रंगात आलं की थांबा आणि पुस्तक उशाशी ठेवून द्या. पुढे काय झालं हे हवंच असेल, तर मूल रफारालाही जुमानत नाही. बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय. त्याचे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. पुस्तकं महाग, ही सबब तिथे चालत नाही.

आणि वाचून झाल्यावर "काय शिकलास?" हे नको. आमच्या वाचनवर्गात आम्ही सुरुवातीला प्रत्येक पुस्तकाचं तात्पर्य लिहून घ्यायचो. मुलं हुशार, ती सगळ्यात पातळ पुस्तक उचलायला लागली! तो कागद आम्ही बंद केला. कंटाळवाणं पुस्तक अर्ध्यावर सोडायचीही मुभा दिली. आपण मोठी माणसं तरी कुठे सगळी पुस्तकं संपवतो?

बरं, आता प्रश्न घेऊ या. मागे त्या ताईंनी मघापासून हात वर केलाय.