खतावणीबाहेरचा खर्च
(लेखांक सातवा)

बेरिंग समुद्रात, अलास्काच्या भूभागापासून दूर, सेंट मॅथ्यू नावाचे एक निर्जन बेट आहे. दुसरे महायुद्ध चालू असता, १९४४ साली, अमेरिकेच्या तटरक्षक दलाने जहाजांना दिशा दाखविणारे एक रेडिओ-ठाणे तेथे उभारले, आणि हवामान बिघडून रसद पोहोचली नाही तर ठाण्यावरील मूठभर माणसांची उपासमार होऊ नये म्हणून २९ रेनडिअर आणून त्या बेटावर सोडले. युद्ध संपले, ठाणे उठले, माणसे माघारी गेली. जनावरे मात्र तेथेच राहिली. त्यांना खाणारे श्वापद बेटावर नव्हते आणि पायांखाली शैवाकाचा, म्हणजे आपल्या मसाल्यातील दगडफूल ज्या वर्गातले त्याच वर्गातील जीवाचा, चार इंच जाडीचा थर पसरलेला होता. डेव्हिड क्लाइन हे जीवशास्त्रज्ञ १९५७ मध्ये तेथे गेले तेव्हा कळप १,३५० वर पोहोचला होता आणि जनावरे पुष्ट होती. १९६३ मध्ये पुन्हा गेले तेव्हा संख्या ६,००० झाली होती, पण अंगावरचे मांस उतरले होते आणि शैवाकाचा थर विरळ झाला होता. १९६६ मध्ये तिसऱ्यांदा गेले तेव्हा बेटभर सांगाडे पडले होते आणि जिवंत उरली होती अवघी ४२, ज्यांत नर एकच, आणि तोही प्रजननास असमर्थ दिसणारा. या कळपाचा जमाखर्च केवळ डोकी मोजून कोणी लिहिला असता, तर सर्वनाशाच्या आदले १९६३ हे साल त्याने भरभराटीचे म्हणून नोंदले असते.

ही हकीकत पॉल हॉकेन यांनी आपल्या ‘द इकॉलॉजी ऑफ कॉमर्स’ या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सांगितली आहे, आणि ती वाचून ज्या गृहस्थाच्या आयुष्याची दिशा पालटली ते रे अँडरसन हे काही चळवळीतले कार्यकर्ते नव्हते. ते कारखानदार होते. जॉर्जिया राज्यात १९७३ मध्ये त्यांनी ‘इंटरफेस’ ही कंपनी काढली आणि कचेऱ्यांच्या जमिनीवर अंथरावयाचे, फरशीसारखे चौकोनी तुकड्यांचे गालिचे ती विकू लागली. हा माल म्हणजे मुळापासून खनिज तेलच: वरचा धागा नायलॉनचा, खालचे अस्तर प्लॅस्टिकचे. १९९४ च्या उन्हाळ्यात, पर्यावरणाबाबत तुमची कंपनी काय करते असे गिऱ्हाईक विचारू लागले, तेव्हा कंपनीतील काही मंडळींनी एक समिती नेमून तिच्यापुढे दोन शब्द बोलावे अशी अँडरसन यांना विनंती केली. आणि आम्ही कायदा पाळतो यापलीकडे सांगण्याजोगे आपल्यापाशी काही नाही, हे साठ वर्षे वयाच्या आणि एकवीस वर्षे कंपनी चालविलेल्या या माणसाला त्या वेळी उमगले. त्याच सुमारास हॉकेन यांचा ग्रंथ त्यांच्या मेजावर येऊन पडला. छातीत भाला घुसावा तसे ते वाचन झाले, असे ते पुढे आमरण सांगत राहिले.

सहज विचारात येते की, निसर्गाच्या हानीची वर्णने करणारी पुस्तके त्यापूर्वी थोडी का झाली होती? मग हेच का लागले? माझ्या मते याचे कारण असे की, हॉकेन हे कारखानदाराला गुन्हेगार म्हणून पिंजऱ्यात उभा करीत नाहीत. ते स्वतः व्यापारी. लहानपणापासून दम्याने त्रस्त असल्यामुळे निर्भेळ अन्नाच्या शोधात पडलेल्या या तरुणाने साठीच्या दशकात बोस्टनमध्ये तशा अन्नाचे दुकान चालविले, आणि १९७९ मध्ये भागीदारीत बागकामाची उत्तम हत्यारे विकण्याचा धंदा सुरू केला. या धंद्याला पर्यावरणरक्षणाबद्दल पारितोषिक मिळाले, हॉकेन ते घेण्यासाठी व्यासपीठावर चढले, आणि समोरचा प्रतिष्ठित समुदाय पाहून त्यांची वाचा बंद झाली. कारण आपली कंपनी या सन्मानास पात्र नाही आणि त्या सभागृहातील दुसरी कोणतीही नाही, हे त्यांना तत्क्षणी दिसले. ग्रंथाचा आरंभच त्यांनी या कबुलीने केला आहे.

त्यांचे म्हणणे असे. बाजारात वस्तूची जी किंमत ठरते तिच्यात कच्चा माल, मजुरी, व्याज आणि नफा हे सारे धरलेले असते. परंतु त्या वस्तूपायी नदीचे पाणी नासले, मातीचा कस गेला, कारखान्याच्या वाऱ्याखाली राहणाऱ्यांची फुप्फुसे खराब झाली, तर तो खर्च कारखान्याच्या खतावणीत कोठेच चढत नाही. तो कोणीतरी भरतोच: कोळी भरतो, शेतकरी भरतो, अजून न जन्मलेले मूल भरते. आणि यातील खरा अन्याय पुढे आहे. जो कारखानदार सचोटीने हा खर्च स्वतः सोसू पाहतो त्याचा माल महाग होतो, जो तो दुसऱ्याच्या माथी मारतो त्याचा स्वस्त राहतो. म्हणजे ज्या दस्तऐवजावरून बाजार निवाडा देतो तोच अपुरा असल्यामुळे निवाडा नेहमी चुकीच्या पक्षकाराच्या बाजूने लागतो. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच यावर तोड सुचविली होती. हॉकेन तीच पुढे नेतात: सरकारने महसुलाचा भार माणसाच्या श्रमावरून व मिळकतीवरून हळूहळू काढून घेऊन तो प्रदूषणावर आणि नासाडीवर ठेवावा, म्हणजे सर्वांत स्वस्त माल आणि सर्वांत निरुपद्रवी माल हे दोन न राहता एकच होतील.

हिशेबाच्या या वाटेने आपल्याकडेही एक माणूस चालून गेला होता, याची येथे आठवण होते. जे. सी. कुमारप्पा हे पेशाने हिशेबतपासनीस. लंडनमध्ये शिकलेले, मुंबईत व्यवसाय केलेले. पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम हाती घेतल्यावर, निसर्गाच्या चक्रातून जे परत भरून येते त्यावर जगणारी अर्थव्यवस्था आणि साठा ओरबाडून जगणारी अर्थव्यवस्था यांतील भेद त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ परमनन्स’ या ग्रंथात मांडला. ताळेबंद तपासणे हा ज्याचा पेशा होता त्यालाच ताळेबंदातील रिकामी जागा दिसावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

महसुलाची फेररचना सरकारच्या हातची. पण कारखान्याच्या चार भिंतींत काय घडू शकते याचे एक उदाहरण हॉकेन यांनी एमरी लव्हिन्स व हंटर लव्हिन्स यांच्यासह लिहिलेल्या ‘नॅचरल कॅपिटॅलिझम’ या १९९९ च्या ग्रंथात आहे, आणि ते अँडरसन यांच्याच कंपनीचे आहे. शांघाय येथे कारखाना उभारताना एका प्रक्रियेतील द्रव फिरविण्यासाठी एकूण ९५ अश्वशक्तीचे पंप लागतील असा आराखडा एका नामांकित संस्थेने दिला होता. यान श्खिलहाम या अभियंत्याने त्यात दोनच फेरफार केले. पहिला असा की नळ जाड घेतले. अरुंद नळातून द्रव रेटताना भिंतींशी जे घर्षण होते ते नळाचा व्यास वाढताच अतिशय वेगाने, व्यासाच्या जवळजवळ पाचव्या घाताच्या प्रमाणात, घटते. दुसरा याहून साधा: यंत्रे आधी मांडून मग त्यांना जोडणारे नळ कोनाकोपऱ्यांतून वाकवीत नेण्याची सर्वत्र रूढ असलेली पद्धत सोडून त्याने आधी नळ सरळ आणि आखूड टाकले, आणि त्यांच्या सोयीने यंत्रे बसविली. काम ७ अश्वशक्तीत भागले. नळांना पैसे अधिक पडले हे खरे. पण पंप आणि मोटारी लहान झाल्यामुळे एकूण भांडवली खर्चही वाढण्याऐवजी उतरला. जाड नळ महाग म्हणून पूर्वीचे अभियंते ते टाळीत आले, कारण नळाची किंमत नळाच्या खात्यावर लिहिली जात होती आणि पंपाची पंपाच्या. दोन्ही खाती एकत्र ठेवून बेरीज कोणी केली नव्हती.

अँडरसन २०११ मध्ये निवर्तले. २०२० पर्यंत निसर्गावरील आपला दुष्परिणाम शून्यावर आणण्याचा त्यांनी केलेला संकल्प पुरा झाल्याचे कंपनीने २०१९ मध्ये जाहीर केले. या कर्तृत्वाबद्दल मला मनापासून आदर आहे. तथापि कंपनीच्या गालिच्यांच्या कर्बभाराची वजाबाकी त्या काळी काही अंशी इतरत्र झालेल्या बचतीचे दाखले विकत घेऊन केली जात असे, आणि विकत घेतलेली वजावट व स्वतःच्या धुराड्यातून न निघालेला धूर या दोन रकमा एकाच रकान्यात लिहिणे मला पटत नाही.

संकल्पातील सर्वांत धाडसी कलम तर तडीस गेलेच नाही. गालिचा विकावयाचाच नाही, तो भाड्याने द्यावयाचा. मालकी कंपनीची, झिजलेले चौकोन तेवढे तिने बदलावयाचे आणि काढलेल्या मालातून पुन्हा नवा करावयाचा, असा तो बेत. त्यात टिकाऊ माल करण्यातच कंपनीचे हित होते. परंतु गिऱ्हाइकांच्या दप्तरी गालिच्याची खरेदी भांडवली खर्चात पडे आणि त्याची झाडलोट व देखभाल चालू खर्चात. महिन्याचे भाडे आले ते सगळे चालू खर्चाच्या अंगावर आले, ती तरतूद ज्याच्या ताब्यात तो अधिकारी ते मंजूर करीना, आणि या पद्धतीने दिलेले गालिचे फार थोड्या इमारतींत पडले.