तुमच्या 'डीजे'ची एक्झिट डेट ठरली का?

डीजे म्हटलं की विसर्जनाची मिरवणूक आठवते, नाहीतर मित्राची वरात! पण मूतखड्याच्या ऑपरेशननंतर डिस्चार्ज कार्डवर हा शब्द दिसला, तर मामला वेगळा असतो, बॉस. हा डीजे म्हणजे 'डबल जे' स्टेंट. किडनीतून लघवीच्या पिशवीकडे जाणाऱ्या मूत्रवाहिनीत बसवलेली साधारण २५ सेंटीमीटर लांबीची मऊ, बारीक नळी. दोन्ही टोकं इंग्रजी 'जे'सारखी वळलेली, त्यामुळे ती जागेवरून सहसा सरकत नाही. अमेरिकेतल्या डॉ. रॉय फिनी यांनी १९७८ मध्ये हे डिझाइन जगासमोर आणलं आणि आज ते जगभर वापरलं जातं.

आता मूतखडा काही फक्त काका-मामांचा आजार राहिलेला नाही. अंबड-सातपूरच्या शॉपफ्लोअरवर घाम गाळणारे असोत, की कॉलेज रोडवरच्या एसी ऑफिसात पाण्याची बाटली विसरणारे. पोटात पाणी कमी गेलं की लघवी दाट होते आणि खड्याला आयतं निमंत्रण मिळतं. खडा फोडल्यावर मूत्रवाहिनीला सूज येते, बारीक तुकडे अडकू शकतात. लघवी तुंबून किडनीवर ताण येऊ नये, म्हणून हा तात्पुरता बायपास!

त्रास होतोय? नॉर्मल आहे!

ऑपरेशन झालं, खडा गेला, तरी सारखं टॉयलेटला का पळावं लागतंय? घाबरू नका. स्टेंटचं खालचं टोक पिशवीला टोचत राहतं. म्हणून वारंवार आणि घाईची लघवी, जळजळ, लघवी करताना कमरेत कळ, धावपळीनंतर लघवीला गुलाबी रंग हे सगळं होऊ शकतं. स्टेंट असलेल्या बहुतेकांना यातलं काही ना काही जाणवतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात डॉ. एच. बी. जोशी आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये या त्रासाचं मोजमाप करणारी खास प्रश्नावलीच प्रसिद्ध केली. झोप, नोकरी, सेक्स लाइफ सगळ्याबद्दल त्यात विचारलं जातं. तेव्हा डॉक्टरांसमोर लाजू नका, मोकळेपणाने सांगा. टॅमसुलोसिनसारख्या गोळ्यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. फक्त त्या मेडिकलवाल्याला विचारून नाही, डॉक्टरांना विचारून घ्या.

ऑफिस सर्व्हायव्हल किट

* पाणी दिवसभर थोडं थोडं प्या. लघवी फिकट दिसली की समजा, गाडी रुळावर आहे.
* कॉफी, कोला आणि ड्रिंक्स कमी करा. झणझणीत मिसळीने जळजळ वाढत असेल, तर तिलाही थोडे दिवस सुट्टी!
* बद्धकोष्ठता होऊ देऊ नका. जोर लावला की त्रास वाढतो.
* जिममधली वजनं, ब्रह्मगिरीचा ट्रेक, गंगापूर रोडची सायकल राइड डॉक्टरांना विचारूनच.
* पंचवटी एक्सप्रेसने अपडाऊन करत असाल, तर कडेची सीट पकडा.

इथे मात्र थांबू नका

थंडी वाजून ताप, लघवी अडकणं, रक्ताच्या गाठी किंवा गडद लाल लघवी, गोळीनेही न थांबणारी कळ, सतत लघवी गळणं, किंवा स्टेंटच बाहेर येणं. यातलं काहीही झालं तर मीटिंग संपायची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा. विशेषतः ताप! तुंबलेल्या लघवीतलं इन्फेक्शन रक्तात पसरलं, तर जिवावर बेतू शकतं.

खरा व्हिलन: विसरभोळेपणा

गंमत अशी, की त्रास देणारा स्टेंट लक्षात राहतो; घात करतो तो शांत बसलेला. कळ थांबली, ऑफिस सुरू झालं, मग पुण्याला किंवा बेंगळुरूला नवा जॉब मिळाला आणि स्टेंट आतच राहिला! असे 'विसरलेले स्टेंट' भारतातल्या युरॉलॉजिस्टना नवीन नाहीत. महिने उलटत गेले की नळीवर क्षार साचतात, म्हणजे खडा काढायला गेलो आणि नळीवरच खडा धरला! मग ती ओढून निघत नाही, तुटू शकते, एकाऐवजी अनेक ऑपरेशन्स लागतात. काहींना तर किडनीच गमवावी लागते, आणि तीही फारसं न दुखता.

खरं तर वेळेत काढणं अगदी सोपं. बहुतेकदा जेली लावून भूल देतात, दुर्बिणीने काही मिनिटांत काम होतं, टाका नाही की काप नाही. सहसा काही दिवसांत किंवा आठवड्यांत तो काढतात. जास्त काळ ठेवायची गरज असेल, तर डॉक्टर ठरलेल्या वेळी बदलतात.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी तीन प्रश्न विचाराच: स्टेंट एका बाजूला आहे की दोन्ही? काढायची तारीख कोणती? काढण्याचा खर्च पॅकेजमध्ये धरलाय का? उत्तरं मिळाली, की तारीख मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून टाका आणि घरातल्या एकाला तरी सांगा. शहर बदललं, तर फाइल सोबत न्या. स्टेंट कोणत्याही शहरातला युरॉलॉजिस्ट काढू शकतो. ऑफिसची डेडलाइन एखाद वेळी पुढे ढकलता येते, ही नाही.