संघाचा शिक्षक

सोलापुरांत ज्या घरीं कुस्तीची आवड आहे, त्या घरच्या मुलास वस्ताद म्हणजे कोण हें सांगावें लागत नाहीं. वस्ताद हा एकदां वस्ताद झाला कीं बहुधा जन्मभर वस्तादच राहतो. पठ्ठ्या फडांत चीत झाला, तर लोक पठ्ठ्याला नांवें ठेवतात. वस्तादास कोणी नारळ देत नाहीं. परंतु अकरा जणांच्या संघास शिकविणारा जो मुख्य प्रशिक्षक, ज्याला आपण सर्रास ‘कोच’ म्हणतों, त्याची गोष्ट अगदीं निराळी आहे. तो स्वतः चेंडू टाकीत नाहीं कीं धांवा काढीत नाहीं. आणि संघ हरला म्हणजे पहिल्यानें घरीं जातो तो तोच! असें हें विलक्षण पद आहे तरी काय, तें आज पाहूं.

हें पद फार जुनें नव्हे. सोलापूर ज्याच्या प्रदेशांत मोडतें त्या महाराष्ट्र संघानें 1939-40 व 1940-41 अशीं लागोपाठ दोन वर्षें रणजी करंडक जिंकला. त्या वेळीं कर्णधार होते प्रा. दिनकर बळवंत देवधर. पुण्याच्या महाविद्यालयांत संस्कृत शिकविणारे अध्यापक. संघ बांधणें, तरुणांस धीर देणें, डाव आंखणें, हीं सारीं कामें तेव्हां कर्णधाराच्याच शिरावर असत. पुढें खेळ वाढला, सामने वाढले, पैसा आला, आणि या कामांकरितां वेगळा मनुष्य नेमण्याची रीत पडली. त्याचा अधिकार मात्र मोठा चमत्कारिक आहे. खेळाडू निवडते निवड समिती, मैदानावर हुकूम चालतो कर्णधाराचा. या दोहोंच्या मध्यें प्रशिक्षकानें उभें राहावयाचें. त्याच्या हातीं उरते ती केवळ तयारी: सराव, आहार, निद्रा, प्रतिपक्षाचा अभ्यास आणि मुलांचें मन.

एवढ्याशा भांडवलावर काय होऊं शकतें, याचें उत्तम उदाहरण म्हणजे मुंबईचे श्री. चंद्रकांत पंडित. हे दादरच्या शिवाजी पार्कावरील रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य. यष्टिरक्षक व फलंदाज म्हणून ते भारतातर्फे पांच कसोटी व छत्तीस एकदिवसीय सामने खेळले. पुढें प्रशिक्षक झाल्यावर त्यांनीं मुंबईस 2002-03, 2003-04 आणि 2015-16 या वर्षीं रणजी करंडक मिळवून दिला. 2016-17 सालीं मुंबई पुन्हां अंतिम सामन्यांत पोहोंचली, परंतु गुजरातपुढें हरली. आणि त्यानंतर मुंबईनें पंडितांस निरोप दिला. उपविजेतेपद कांहीं थोडकें नव्हे. पण या पदाचा हिशेब असाच असतो.

त्यांस बोलावणें आलें तें विदर्भाकडून. विदर्भाच्या संघानें तोंवर एकदांही हा करंडक पाहिला नव्हता. अंतिम सामनासुद्धां त्यांच्या वांट्यास आला नव्हता. थोर संघाचा शिक्षक चांगल्यांतून चांगले निवडून घेतो. लहान संघाच्या शिक्षकास असतील त्यांतूनच माणसें घडवावीं लागतात. पंडितांची शिस्त कडक. वेळेवर येणें, वेळेवर झोंपणें, सरावांत कुचराई न करणें, या गोष्टींत त्यांच्याजवळ सवलत नाहीं. 2017-18 च्या उपांत्य सामन्यांत विदर्भानें कर्नाटकास अवघ्या पांच धांवांनीं हरविलें. इंदूरच्या अंतिम सामन्यांत रजनीश गुरबाणी या अभियांत्रिकी शिकलेल्या तरुणानें लागोपाठ तीन चेंडूंवर तीन गडी बाद केले, आणि 1 जानेवारी 2018 रोजीं दिल्लीस नमवून विदर्भ विजयी झाला. पुढल्याच वर्षीं नागपुरास सौराष्ट्राचा पराभव करून त्यांनीं करंडक राखला. याचें सारें श्रेय एकट्या पंडितांचें, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. वसीम जाफरांसारखा अनुभवी फलंदाज संघांत होता, फैज फजल कर्णधार होते, आणि गोलंदाजांस सुब्रतो बॅनर्जी शिकवीत होते.

लहान संघाच्या शिक्षकाची आणखी एक अडचण आहे. त्याचा एखादा विद्यार्थी खरोखर चमकला, कीं वरचा संघ त्यास उचलून नेतो. उत्तर अमेरिकेंत बर्फावरच्या हॉकीमध्यें तर ही व्यवस्थाच आहे. चॉकलेटसाठीं प्रसिद्ध असलेल्या हर्शी गांवचा ‘बेअर्स’ नांवाचा संघ वॉशिंग्टनच्या मोठ्या संघासाठीं खेळाडू तयार करतो. तेथील शिक्षकानें सामनेही जिंकावयाचे आणि जिंकून देणारीं मुलेंही आनंदानें वर धाडावयाचीं! ब्रूस बुड्रो यांनीं हर्शीस 2006 सालीं त्यांच्या स्पर्धेचा करंडक मिळवून दिला. नोव्हेंबर 2007 मध्यें त्यांस स्वतःसच वॉशिंग्टनला नेण्यांत आलें, त्याच हंगामाचे उत्कृष्ट प्रशिक्षक म्हणून त्यांचा गौरव झाला, आणि 2011 च्या नोव्हेंबरांत त्याच वॉशिंग्टननें त्यांस काढून टाकलें. देश कोणताही असो, या पदाची रीत एकच दिसते.

आतां पुन्हां पंडितांकडे वळूं. 1999 सालच्या एप्रिलांत बंगळुरास रणजीचा अंतिम सामना झाला. मध्य प्रदेशाचे कर्णधार होते स्वतः पंडित. पहिल्या डावांत त्यांच्या संघास आघाडी मिळाली होती, म्हणजे सामना नुसता अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचाच होता. परंतु शेवटच्या दिवशीं डाव कोसळला आणि कर्नाटक जिंकलें. तेवीस वर्षांनीं, जून 2022 मध्यें, त्याच मैदानावर, त्याच मध्य प्रदेशाचा प्रशिक्षक म्हणून पंडित उभे होते. या वेळीं त्यांच्या संघानें मुंबईस सहा गडी राखून हरविलें. मध्य प्रदेशाचा तो पहिला रणजी करंडक. त्या दिवशीं पंडितांच्या डोळ्यांतील पाणी साऱ्यांनीं पाहिलें.

त्यांची रीत सर्वत्र चालली असें नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पुढें ते कोलकात्याच्या आयपीएल संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. तेथें त्यांचा कडकपणा कांहीं परदेशी खेळाडूंस रुचला नाहीं. तरी 2024 सालीं तो संघ विजयी झाला, आणि 2025 मध्यें पंडितांनीं तें पद सोडलें. गांवच्या होतकरू मुलांस जी शिस्त आधार वाटते, तीच जगभर खेळून आलेल्या प्रौढांस जाचते, यांत नवल नाहीं.

2022 च्या त्या सामन्यांत हरलेल्या मुंबईचे प्रशिक्षक कोण होते? श्री. अमोल मुझुमदार, तेही आचरेकर सरांचेच शिष्य! फेब्रुवारी 1988 मध्यें सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी यांनीं सेंट झेवियर्स शाळेविरुद्ध 664 धांवांची प्रसिद्ध भागी केली, तेव्हां शारदाश्रमाचा पुढला फलंदाज म्हणून पॅड बांधून बसलेला मुलगा तो हाच. त्याची पाळी आलीच नाहीं. पुढें त्यानें प्रथम श्रेणींत अकरा हजारांहून अधिक धांवा केल्या, तरी भारताच्या कसोटी संघाचें दार उघडलें नाहीं.

ऑक्टोबर 2023 मध्यें मुझुमदार भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले. 2025 च्या विश्वचषकांत हा संघ साखळींत लागोपाठ तीन सामने हरला, आणि अर्थातच प्रशिक्षकावर टीकेचा भडिमार झाला. मग उपांत्य सामन्यांत ऑस्ट्रेलियाचें 339 धांवांचें आव्हान मुलींनीं पुरें केलें, आणि 2 नोव्हेंबर रोजीं नवी मुंबईंत दक्षिण आफ्रिकेस 52 धांवांनीं हरवून विश्वचषक जिंकला. जल्लोष चालूं असतां कर्णधार हरमनप्रीत कौर मुझुमदारांपाशीं आली, आणि तिनें वांकून त्यांच्या पायांस हात लावला.