हर्निया: समजुती आणि वस्तुस्थिती

दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतून उसाच्या फडाकडे निघणाऱ्या तोडणी कामगारांत, तसेच नगरच्या बाजारात पोती वाहणाऱ्या हमालांत, उभे राहिले की जांघेत दिसणारी आणि निजले की नाहीशी होणारी गाठ वर्षानुवर्षे अंगावर काढणारे इसम आढळतात. आणि या दिरंगाईच्या मुळाशी मजुरी बुडण्याच्या धास्तीइतक्याच काही हट्टी समजुतीही असतात.

हर्निया, अर्थात अंतर्गळ, केवळ ओझ्याने होतो ही त्यांतली पहिली. वस्तुतः उदराच्या स्नायुभित्तीत जी दुर्बल जागा, पुष्कळदा जन्मतःच, राहिलेली असते, तिच्यातून आतड्याचा किंवा चरबीचा भाग बाहेर येतो. ओझे, जुनाट खोकला, मलावरोध ही तिच्यावरचा दाब वाढवणारी निमित्ते होत. म्हणूनच बैठ्या कारकुनालाही तो होतो, आणि स्त्रियांनाही. जांघेचा हर्निया आयुष्यात केव्हा तरी होण्याचे प्रमाण पुरुषांत सुमारे २७ टक्के, तर स्त्रियांत ३ टक्के मानले जाते.

पट्टा आवळल्याने भोक बुजत नाही. गाठ तेवढी दबून राहते. तान्ह्या मुलाच्या बेंबीवर नाणे बांधण्याची चालही अशीच निरर्थक, कारण बेंबीचा हर्निया बहुधा चार-पाच वर्षांच्या आत आपोआप मिटतो. मुलाच्या जांघेतला मात्र मिटत नाही, त्याला शस्त्रक्रियाच लागते.

सर्वांत मोठी भीती शस्त्रक्रियेत दुर्बल जागेवर बसवल्या जाणाऱ्या जाळीची: ती पोटात कुजेल, आणि ती श्रीमंतांनाच परवडेल. पादुआच्या बासिनी या शल्यचिकित्सकाने १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत स्नायू ओढून टाके घालीत, आणि त्या ताणामुळे हर्निया पुन्हा उद्भवे. १९८९ साली लिख्टेनस्टाइन या शल्यचिकित्सकाने ताण न देता जाळी बसवण्याची पद्धत मांडली. ही जाळी कुजत नाही, तिच्या छिद्रांतून शरीराचीच ऊती वाढून भिंत बळकट होते. किमतीची अडचण मात्र खरी होती, आणि तिच्यावरचा इलाज आपल्याच खानदेशात निघाला. दोंडाईचा येथील ग्रामीण शल्यचिकित्सक डॉ. रवींद्रनाथ तोंगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून जाळीऐवजी वापरले व २००३ साली सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालात वर्षअखेर दोहोंत लक्षणीय अंतर आढळले नाही. साधनांच्या टंचाईत काम करणाऱ्या वैद्याच्या बुद्धीचा इतका सुंदर दाखला मला दुसरा सुचत नाही.

शस्त्रक्रियेने पुरुषत्व जाते, हीही धास्ती निराधार आहे. काहींना दीर्घकाळ वेदना राहतात हे कबूल केले पाहिजे. परंतु बहुतेक जण काही आठवड्यांनी, शल्यचिकित्सकाने मुभा दिल्यावर, जड कामही करू लागतात.

त्रास नसलेला पुरुषांच्या जांघेतला लहान हर्निया डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही काळ तसाच ठेवता येतो, तेव्हा हंगाम आटोपून शस्त्रक्रियेची तजवीज करण्याचा विचार त्यांच्यापुढे अवश्य मांडावा. मात्र गाठ कठीण होऊन दुखू लागली, आत जाईनाशी झाली किंवा उलट्या सुरू झाल्या, तर अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटून जीव धोक्यात येतो; अशा वेळी चोळण्या-ढकलण्याच्या खटपटीत न पडता, कोयता तेथेच ठेवून, त्याच घटकेला शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.