पणजोबांचे नाव काय?

आपले नाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव. इथपर्यंत कुणीही न अडखळता सांगतो. पणजोबांपाशी आले की बहुतेकांची जीभ थबकते. आणि पणजीचे नाव विचारले, तर घरातली वडीलधारी माणसेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. शंभर वर्षांचा तर काळ! पण तेवढ्यात आपल्याच घरातले माणूस आपल्याला परके होऊन जाते.

पिंपरी-चिंचवडसारख्या शहरात तर हा प्रश्न अधिकच अवघड. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या माळांवर शेड उभ्या राहू लागल्या. १९७० साली नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका. पुढे हाच पट्टा चाकणपर्यंत सरकला. साताऱ्याचा, सोलापूरचा, बीड-लातूरचा, खानदेशचा, कोकणातला माणूस एक पत्र्याची पेटी घेऊन इथे उतरला. त्या पेटीत कपडे होते, शाळा सोडल्याचा दाखला होता, वंशावळ नव्हती. ती गावाकडे चावडीत राहिली, किंवा एखाद्या चुलत आजोबांच्या डोक्यात. आज त्याची नातवंडे गाव कुठले विचारले तर 'निगडी' म्हणतात, आणि त्यात त्यांचे काही चुकतेही नाही.

मात्र एक दिवस सरकारी अर्ज समोर येतो, आणि मग निगडी पुरत नाही. जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी मूळ गावचा, ठराविक तारखेच्या आधीचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. सोबत शपथेवर लिहिलेली वंशावळ. बारावीच्या निकालानंतर प्रवेशाची मुदत तोंडावर आलेली असते आणि बाप रजा टाकून तालुक्याच्या रेकॉर्ड रूमबाहेर बसलेला असतो. पोराचे भवितव्य पणज्याच्या एका ओळीवर अडलेले!

सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा हा विषय घराघरांत पोचला. नोंदी केवळ महसुली दप्तरात शोधल्या गेल्या नाहीत. शाळांची रजिस्टरे, दुय्यम निबंधकाकडची खरेदीखते आणि दत्तकपत्रे, पोलीस ठाण्यांची दप्तरे, कारागृहांची रजिस्टरे, उत्पादन शुल्क खात्याच्या नोंदवह्या, असे सगळे धुंडाळले गेले. आरक्षणाच्या वादात कुणाचे मत काहीही असो. एक गोष्ट मात्र सर्वांना कळली. आपला पूर्वज अनपढ असला, तरी कुठल्या ना कुठल्या कारकुनाने त्याचे नाव लिहून ठेवले असण्याचा संभव आहे.

मग शोधायचे कुठून? नियम एकच : आपल्यापासून मागे जायचे, एकेक पायरी. थेट छत्रपतींच्या काळात उडी मारून तिथून खाली उतरणारी वंशावळ ऐकायला गोड लागते, पण मधले दोन दुवे निसटलेले असले की तिची किंमत दंतकथेइतकीच.

पहिली पायरी शाळा. आजोबा दुसरीपर्यंत शिकले असतील, तरी जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या जनरल रजिस्टरमध्ये त्यांचे नाव, वडिलांचे नाव, जात आणि जन्मतारीख सापडू शकते. जन्मतारखेवर फार विसंबू नये. शाळा जूनमध्ये भरत आणि पालकाला तारीख ठाऊक नसे, म्हणून गुरुजी बिनदिक्कत १ जून लिहीत. महाराष्ट्रातल्या एका पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो.

दुसरी पायरी गाव नमुना नंबर १४, म्हणजे जुने लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते. गावात कोण जन्मले, कोण वारले याची ही नोंद. आता ती बहुधा तहसील कचेरीत असते. मुलाचे नाव जन्मावेळी ठेवलेले नसे, म्हणून 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढेच लिहिलेले. ओळख पटवायची ती बापाच्या नावावरून.

तिसरी पायरी जमिनीची. सातबारा सगळ्यांना माहीत, पण खरा खजिना फेरफारात. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफाराचे क्रमांक. अमुक मयत, त्याचे वारस अमुक, असा एक फेरफार काढला की दोन पिढ्या हाती लागतात. त्यावरून मागचा, त्यावरून आणखी मागचा. आपल्या मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ सालचा. तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ही साखळी बऱ्याच गावांत जाते. भूमि अभिलेख विभागाने जुने उतारे स्कॅन करून संकेतस्थळावर ठेवल्यापासून काही हेलपाटे वाचले आहेत. भोसरी-चाकणकडच्या जमीनदार कुटुंबांनी हे मुद्दाम पाहावे. जमीन कारखान्याला गेली, सातबाऱ्यावर दुसरे नाव लागले. पण जुन्या फेरफारातला पणजोबा तिथेच आहे.

त्याही मागे गेले की मोडी लिपी लागते. तिथे नावांचा थाटही वेगळा. आडनाव पुष्कळदा नसतेच. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. सालाची मोजणीही निराळी. शकात ७८ किंवा ७९ मिळवले, सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले, की इसवी सन येतो. पुण्याच्या अभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून अशीच कागदपत्रे जपत आले आहे. पण त्या रुमालांत प्रत्येकाचा पूर्वज मिळेल असे नाही. ते दप्तर मुख्यतः हिशेबाचे, इनामाचे, वतनाचे.

यातच एक मर्म आहे. जिथे हक्क, तिथे वंशावळ. चिंचवडच्या देव घराण्याच्या पिढ्या आपल्याला मोरया गोसावींपासून सांगता येतात, १९८९ साली लॉरेन्स प्रेस्टन या अभ्यासकाला त्यांच्यावर ग्रंथ लिहिता आला, याचे एक कारण घराण्याचे इनाम. इनाम टिकवायचे तर वारसा सिद्ध करावा लागे; इंग्रजांच्या इनाम कमिशनने तर कागद मागूनच घेतले. पाटलाची, कुलकर्ण्याची, महाराची वंशावळ वतनाच्या दप्तरात आली, ती याच कारणाने. वतनाच्या तंट्यात महजर होई, तेव्हा पाटलाची निशाणी नांगराची असे आणि बलुतेदार आपापल्या हत्याराची निशाणी करीत. लिहिता न येणाऱ्या माणसाची ती सही.

पण ज्याला हक्कच नव्हता त्याचे काय? भटक्या-विमुक्तांच्या पूर्वजांना ना जमीन, ना वतन, ना शाळा. त्यांच्यातल्या कित्येकांची नावे आढळतात ती पोलिसांच्या हजेरीपटात. कारण १८७१ च्या कायद्याने आख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या होत्या, आणि तो कलंक १९५२ साली पुसला गेला. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात आलेल्या सिंधी कुटुंबांची दप्तरे तर सरहद्दीपलीकडेच राहिली. ज्याच्या घरी कागद नाही त्याला कूळ नाही असे समजण्याचा उद्दामपणा आपण करू नये.

आणि सर्वांत मोठी उणीव बायकांची. वंशावळीच्या झाडाला मुलगेच लागतात. जुन्या फेरफारात मुलीचे नाव आले तरी पुष्कळदा 'इतर हक्कां'च्या रकान्यात. विधवा आई येते ती अज्ञान मुलाची पालनकर्ती म्हणून. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत बरोबरीचा वाटा दिला. त्यानंतर बहिणींची नावे वंशावळीत येऊ लागली, आणि पुष्कळ घरांत ती आली ती हक्कसोडपत्रावर सही घेण्यापुरती. चाकण परिसरात गुंठ्याचा भाव वाढला तशी ही कागदाची झाडे कोर्टात उभी राहू लागली. वंशावळ माणसे जोडते तशी तोडतेही. एखाद्या पानावर आजोबांचे दुसरे लग्न निघते, एखाद्या पानावर विसरलेला सावत्र भाऊ. जे निघेल ते पाहण्याची तयारी ठेवूनच दप्तर उघडावे.

सरकारी कागदाला पर्यायही आहेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळ्या असतात. मूळ गाव आणि आडनाव सांगितले की वही निघते, आणि कधी पणज्याची स्वतःची सहीही. कोल्हापूर-सांगलीकडे हेळवी दारी येऊन घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवीत. मराठीत छापील कुलवृत्तांतांची परंपरा तर चांगली जुनी आहे.

तरीही सगळ्यांत मौल्यवान दप्तर घरातच असते, आणि त्याला वाळवीपेक्षा मोठा धोका वयाचा असतो. आत्या, मावशी, मोठी काकू यांच्याजवळ एक वही घेऊन बसा. नावे विचारा, माहेरची आणि सासरची, दोन्ही. दुष्काळात कोण गाव सोडून गेले, लहानपणी कोण दगावले, दत्तक कोण आले, कुलदैवत कुठले, हेही विचारा. ऐकलेले आणि कागदावर सापडलेले निरनिराळ्या शाईने लिहा, म्हणजे पुढच्याची फसगत होणार नाही. मुलांना शेजारी बसवा. दाखल्यासाठी एक ओळ पुरते. पण नुसत्या एका ओळीत पणजी मावत नाही. तिचे नाव अजून कुणाला तरी आठवत असेल, तर ते याच आठवड्यात लिहून घ्यावे.