लांगेलिनीच्या काठावरची जलपरी

कोपनहेगनच्या बंदरालगत लांगेलिनी नावाचा फिरण्याचा रस्ता आहे. तिथे काठाच्या दगडांवर छोटी जलपरी बसलेली आहे. ब्राँझच्या या पुतळ्याची उंची सव्वा मीटर आणि वजन सुमारे १७५ किलो. एवढ्या गाजलेल्या शिल्पाकडून भव्यतेची अपेक्षा बाळगून येणारे पहिल्या नजरेत चकित होतात. पण जलपरीचे एकाकीपण त्या लहान आकारातच नेमके उतरले आहे.

हान्स क्रिश्चन अँडरसनची मूळ परीकथा १८३७ मध्ये प्रसिद्ध झाली. समुद्रतळाची राजकन्या बुडणाऱ्या राजपुत्राला वाचवते आणि पुढे त्याच्यासाठी माणसाचे पाय मागते. त्या बदल्यात चेटकीण तिचा आवाज घेते. शिवाय प्रत्येक पाऊल सुऱ्यांवर पडल्यासारखे दुखते. राजपुत्र लग्न करतो ते दुसरीशीच. त्याला मारले तर ती वाचणार असते, तरी ती हातातली सुरी फेकून देते आणि समुद्रात उडी घेते. मुलांना पुष्कळदा ही गोष्ट शेवट गोड करून सांगितली जाते. अँडरसनने मात्र हे दुःख लपवलेले नाही.

या कथेवरचे बॅले पाहून भारावलेल्या कार्ल याकोबसन यांनी १९०९ मध्ये पुतळा करवून घ्यायचे ठरवले. कार्ल्सबर्ग मद्यनिर्मिती कारखान्याच्या संस्थापकाचे ते पुत्र. शिल्पकार एडवर्ड एरिक्सन यांनी चेहरा घेतला नर्तिका एलेन प्राइस यांचा. विवस्त्र बसायला त्यांनी नकार दिल्याने शरीरासाठी शिल्पकाराच्या पत्नी एलिने बसल्या. पाय माणसाचे, पण खाली माशाचे पर: दोन जगांमध्ये अडकलेल्या जिवाची ही खूण शिल्पातली सर्वांत बोलकी जागा आहे. २३ ऑगस्ट १९१३ रोजी पुतळ्याचे अनावरण झाले.

हाताच्या अंतरावर असल्याने तिला घावही फार सोसावे लागले. १९६४ मध्ये तिचे शिर करवतीने कापून नेले गेले. ते सापडलेच नाही. नवे बसवावे लागले. १९८४ मध्ये उजवा हात तोडला गेला, १९९८ मध्ये पुन्हा शिर. हे दोन्ही परत मिळाले. २००३ मध्ये तर स्फोटकांनी तिला बैठकीवरून पाडले. रंग फासण्याचे प्रकार वेगळेच.

२०१० मध्ये शांघायच्या जागतिक प्रदर्शनासाठी तिने देशाबाहेरचा पहिला प्रवास केला आणि त्याच वर्षी ती परतली. तिला काठापासून दूर, खोल पाण्यात हलवण्याचा विचारही मध्यंतरी पुढे आला होता. ती मात्र आजही काठालाच बसलेली आहे, भोवती कुंपण नाही.