चार रंगांनंतरचा प्रश्न

एका वाचकाचा प्रश्न आहे : नकाशाला चार रंग पुरतात हे ॲपेल आणि हाकेन यांनी १९७६ साली दाखवले, मग आलेख (कडांनी जोडलेल्या बिंदूंचे जाळे) रंगवणाऱ्या गणितज्ञांकडे काम काय उरले? पुष्कळ! पुढच्याच वर्षी डॉर्टमुंड विद्यापीठातल्या गेर्ड वेग्नर यांनी एका अहवालात त्याहून चिवट प्रश्न मांडला.

रेडिओची दोन केंद्रे एकमेकांपासून दूर असली, तरी मधला श्रोता दोन्हींच्या टप्प्यात असेल आणि कंप्रता एकच असेल, तर त्याला धड काहीच ऐकू येत नाही. कंप्रतेला रंग म्हटले, तर शेजाऱ्याच्या शेजाऱ्यालाही वेगळा रंग हवा. आलेखात दोन पावलांच्या आतले सगळे बिंदू थेट जोडले की मिळतो आलेखाचा वर्ग. तीन पावलांनी घन, असेच पुढचे घात.

वर्ग करताच विरळपणा बुडतो. मध्ये एक बिंदू आणि त्याला जोडलेले १०० बिंदू घ्या. कडा १००, वर्गात त्या ५,०५० होतात आणि रंग १०१ लागतात. बिंदूला जास्तीत जास्त १०० कडा एवढीच अट असेल, तर साधा हिशेब १०,००१ रंगांपर्यंत जातो. पण कडा न छेदता कागदावर काढता येणारा आलेख असेल तर? वेग्नर म्हणाले, १५१ पुरतील, मग बिंदू कितीही असोत!

या धाडसामागे आधार आहे. अशा प्रत्येक आलेखात पाच किंवा त्याहून कमी कडांचा बिंदू असतोच; तो काढला तरी उरलेल्यात पुन्हा सापडतो. म्हणून वर्ग दाट झाला, तरी मूळचा विरळपणा रंगांची संख्या आवरून धरतो.

मात्र मूळ आलेख हाती हवा. नुसता एखादा आलेख दिला, तर तो कुठल्या आलेखाचा वर्ग आहे का हे ठरवणेच एनपी-पूर्ण आहे (म्हणजे ते झटपट ठरवण्याची सर्वसाधारण रीत माहीत नाही), असे राजीव मोटवानी आणि मधू सुदान या भारतात जन्मलेल्या संगणकशास्त्रज्ञांनी १९९४ साली दाखवले.

कडा न छेदता काढता येणाऱ्या आलेखात बिंदूला जास्तीत जास्त तीन कडा असतील, तर वर्गाला ८ रंग पुरतात हे वेग्नर यांनी स्वतः सिद्ध केले होते. अटकळ ७ ची होती. कार्स्टन थॉमासन यांची ७ रंगांची सिद्धता २०१८ साली प्रसिद्ध झाली. सर्वसाधारण अटकळ अजून खुली आहे. चार रंगांच्या प्रमेयाशेजारी वेग्नर यांचे नाव पाठ्यपुस्तकात यायलाच हवे.